भरती होते, माणसे येतात. मग पीएचसीत टिकत का नाहीत?

सातपुडा_एमओ

आरोग्य खात्याची भरती म्हटली की आपल्याकडचे बोलणे जागांवर येऊन थांबते. किती पदे रिक्त, जाहिरात कधी, परीक्षा कोणती कंपनी घेणार. रुजू झालेला माणूस वर्षाच्या आत निघून गेला तर त्याची बातमी होत नाही, आणि का चाललास म्हणून त्याला कोणी विचारत नाही. मी नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसी) वैद्यकीय अधिकारी (एमओ) होतो. आता दुसऱ्या जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात आहे. माझ्या डोळ्यांदेखत त्या केंद्रात डॉक्टर, सिस्टर, लॅब टेक्निशियन आले आणि गेले. म्हणून हा धागा.

ज्यांना रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आदिवासी आणि डोंगराळ भागात साधारण २०,००० लोकांमागे एक पीएचसी आणि ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र, सपाटीवर हेच आकडे ३०,००० आणि ५,०००. पीएचसीला दोन एमओ मंजूर. त्यातला एक बहुधा डेप्युटेशनवर तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला, किंवा ती जागाच रिकामी. उरलेल्या एकाने ओपीडी बघायची, रात्री बाळंतीण आली की उठायचे, लसीकरणाची सत्रे, आश्रमशाळेतल्या मुलांची तपासणी, साप चावलेला, विष घेतलेला, शवविच्छेदन, कोर्टाचे समन्स, आणि हे सगळे झाल्यावर पोर्टलवरच्या नोंदी. दोघे असतील तर हे काम जमते, आवडतेही. एकटा माणूस एखाद-दोन पावसाळे काढतो आणि मग बदलीचा अर्ज लिहायला बसतो.

रिकाम्या जागेवरचा सरकारी उपाय म्हणजे बाँड. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष सेवा द्यायची, नाहीतर १० लाख रुपये भरायचे. बाँडवर येणाऱ्या मुलामुलींना मी नावे ठेवणार नाही, त्यांतले कित्येक जीव ओतून काम करतात. पण बॅगेत नीट-पीजीची पुस्तके असतात आणि जाण्याची तारीख येण्याआधीच ठरलेली असते. धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी किंवा भिली बोली थोडी तरी कळावी लागते. कोणत्या पाड्यावर कोणाच्या शब्दाला मान आहे, कोणती गरोदर बाई दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर कामाला गुजरातेत जाणार आहे, हे उमगायला वेळ लागतो. ते उमगेपर्यंत वर्ष संपते आणि नवा डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. लोकांनाही याची सवय झाली आहे. मला एका म्हाताऱ्याने रुजू झाल्याच्या आठवड्यातच विचारले होते, "तू कधी जाणार?" त्यात राग नव्हता. त्याला खरेच माहिती हवी होती.

ज्यांनी हे काम सोडले त्यांनी का सोडले, आणि जे राहिले ते कशामुळे राहिले, हे लिहा. उपाय नंतर बोलू.

पगारबिल

डॉक्टर, विषय काढलात ते बरे केले. मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात आस्थापनेवर होतो, आता निवृत्त आहे. माणसे का जातात ते मला पगारबिलात दिसायचे.

कायम अधिपरिचारिकेचे, म्हणजे सरकारी स्टाफ नर्सचे, मूळ वेतन एस-१३ या वेतनस्तरात ३५,४०० पासून सुरू होते, वर महागाई भत्ता, घरभाडे. त्याच वॉर्डात, त्याच पाळीत, तीच इंजेक्शने देणाऱ्या एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियान) कंत्राटी स्टाफ नर्सला जाहिरातीत २०,००० एकत्रित मानधन. कायम आरोग्यसेविका २५,५०० मूळ वेतनावर, तेच काम करणारी कंत्राटी एएनएम (साहाय्यक परिचारिका) १८,००० वर. करार ११ महिन्यांचा, मध्ये सेवेत कागदोपत्री तांत्रिक खंड, मग पुन्हा नवा आदेश. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये आले तेव्हा ही तात्पुरती सोय वाटली होती. त्या सोयीवर लोकांची लग्ने झाली, मुले कॉलेजात गेली आणि आदेश अजून ११ महिन्यांचाच निघतो.

यात दुसरी अडचण निधीची. अभियानाचा पैसा केंद्र आणि राज्य ६०:४० वाटून देतात. एका बाजूचा हप्ता अडला की मानधन अडते. मग माझ्या टेबलासमोर पोरी येऊन उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, काका, या महिन्यात होईल का? मला उत्तर देता यायचे नाही. कमी पगार माणूस एकवेळ सोसतो, पण पगाराची तारीखच नसेल तर घर चालवता येत नाही. जिल्ह्याच्या गावात खासगी दवाखान्यात थोडे कमी मिळाले तरी पाच तारखेला मिळते, म्हणून जाणाऱ्या मी पाहिल्या आहेत.

दहा वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या समायोजनाचा, म्हणजे त्यांना कायम सेवेत घेण्याचा, शासन निर्णय १४ मार्च २०२४ रोजी निघाला. अंमलबजावणी होत नाही म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये हेच कर्मचारी राज्यभर संपावर गेले. निर्णय आणि संप यांच्यामधल्या काळात किती जण वाट बघून सोडून गेले, याची मोजदाद कुठे तरी व्हायला हवी होती.

माणदेशी

सगळे मान्य. पण रुग्णाच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवे. आमची पीएचसी डांबरी रस्त्यावर आहे, शहर तासाभराच्या अंतरावर, नक्षल नाही, दरी नाही. तरी संध्याकाळनंतर डॉक्टर नसतो. मुख्यालयी, म्हणजे पीएचसीच्या गावातच, राहतो म्हणून घरभाडे घेतात आणि रोज शहरातून ये-जा करतात. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या वस्तीवरच्या बाईला कळा सुरू झाल्या तेव्हा १०८ बोलावून थेट जिल्ह्याला न्यावी लागली. आधी मुख्यालयी राहण्याचा नियम कडक पाळा, मग टिकण्याची चर्चा करा.

सातपुडा_एमओ

माणदेशी, तुमचा राग बरोबर आहे. बाळंतपणाला डॉक्टर नसणे याला माफी नाही आणि मी त्याचे समर्थन करणार नाही. रस्त्यावरच्या पीएचसीत शिस्त लागलीच पाहिजे.

फक्त एकदा तुमच्या पीएचसीचे क्वार्टर आतून बघून या. मी ज्या क्वार्टरमध्ये राहिलो तिथे स्वयंपाकघराचे छत पहिल्याच पावसात गळायला लागले आणि नळाला पाणी नव्हते. दुरुस्तीचा प्रस्ताव जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे जातो, आरोग्य विभागाला ते थेट करता येत नाही. मी एकटा होतो, निभावले. माझ्या जागी आलेल्या डॉक्टर बाईंना लहान मूल होते. दाराला धड कडी नाही, रात्री दारू पिऊन येणारे रुग्ण त्याच आवारात. त्या तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहिल्या आणि त्यांच्यावर मुख्यालयी न राहिल्याची नोटीस निघाली. काही महिन्यांत त्यांनी राजीनामा दिला. तुमचा नियम मला मान्य आहे, पण राहण्यासारखे घर आधी द्या आणि मग नोटीस काढा.

पांढरा_ड्रेस

मी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, शहरात. इथे क्वार्टर आहे, पगार वेळेवर आहे, तरी माझ्या बॅचमधल्या कित्येक जणी गेल्या. म्हणून म्हणते, प्रश्न फक्त दुर्गम भागाचा नाही.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण-रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. आमच्या मेडिसिन वॉर्डात रात्री दोघी असतो, खाटा भरून जमिनीवर गाद्या घातलेल्या असतात. सलाइन बदलायचे, औषधे द्यायची, कोणाचा श्वास अडकला तर धावायचे, आणि नोंदवही पूर्ण करायची. एखाद्याकडे जायला पाच मिनिटे उशीर झाला की नातेवाईक अंगावर येतात. आरोग्यसेवकांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, पण रात्री तीन वाजता वॉर्डात कायदा नसतो, मी असते आणि जिन्याखाली एक सुरक्षारक्षक असतो.

ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ मृत्यू झाल्याची बातमी आली, त्यातली निम्मी नवजात बाळे. नंतर एका खासदारांनी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले, ते चित्र सगळ्या वाहिन्यांवर फिरले. आम्ही परिचारिकांनी ती बातमी कशी पाहिली ते सांगते. आम्हाला त्या रात्रीच्या पाळीवरच्या सिस्टर दिसत होत्या. किती बाळांमागे त्या कितीजणी असतील, हे आमच्या लगेच लक्षात आले. रिकाम्या जागांचा प्रश्न तेव्हा विधिमंडळात आणि उच्च न्यायालयात गाजला. आमच्या वॉर्डाच्या ड्युटी-लिस्टमध्ये मला त्यानंतरही फरक दिसलेला नाही.

जाणाऱ्या बहुतेक जणी काम कठीण म्हणून जात नाहीत. आपल्या हातून नीट सेवा होत नाही, हे रोज बघत राहणे त्यांना सोसत नाही.

अभ्यासिका_संभाजीनगर

मी भरतीच्या बाजूने लिहितो. २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या गट क आणि गट ड च्या परीक्षेला बसलो होतो. सप्टेंबरमधली परीक्षा प्रवेशपत्रांच्या गोंधळात ऐनवेळी पुढे गेली. ऑक्टोबरमध्ये झाली तर पेपर फुटला, पुणे सायबर पोलिसांच्या तपासात खात्यातलेच अधिकारी अटकेत गेले आणि शेवटी परीक्षा रद्द झाली. पुढची मोठी जाहिरात, १०,९४९ जागांची, ऑगस्ट २०२३ मध्ये आली. मधली दोन वर्षे त्या जागांवर कोणीच नव्हते. आम्ही पोरे अभ्यासिकेत होतो आणि उपकेंद्रांत एकेक सिस्टर दोन-दोन उपकेंद्रे सांभाळत होती. तिच्या थकून जाण्याला तो पेपर विकणाराही जबाबदार आहे.

राइनकाठ

मी जर्मनीत नर्स आहे, मूळची लातूर जिल्ह्यातली. आमच्यावर सेवाभाव नाही असा आरोप होतो म्हणून लिहिते आहे.

इथे यायला जर्मन भाषा बी-टू पातळीपर्यंत शिकावी लागते. आल्यावर पदवीची मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून काम, परीक्षा किंवा अनुकूलन प्रशिक्षण, आणि त्यानंतर पूर्ण नर्सचा दर्जा. ढोबळ पगार तीन हजार युरोंच्या वर असतो, कर आणि विमा कापून हातात दोन हजारांच्या आसपास येतात. भाडे, थंडी, एकटेपण हे धरले तर लोकांना वाटते तेवढे सोपे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. म्हणजे आपले राज्य स्वतःच्या रुग्णालयांत नर्स नाहीत म्हणते आणि त्याच वेळी नर्स बाहेर पाठवण्याची व्यवस्थाही उभी करते. मला त्यात वाईट वाटत नाही, पोरींना संधी मिळते. पण मग इथे जे मिळते त्यातले तिथे काय देता येईल, याचाही विचार त्याच मंत्रालयात व्हावा.

पैशांपलीकडचे सांगते. माझी पुढच्या महिन्याची पाळी मला आज माहीत आहे. सुटी मागितली तर कारण विचारत नाहीत. डॉक्टर राउंडला आले की माझे मत विचारतात. गावाकडे असताना मी कंत्राटी होते, वर्षातून एकदा नव्या आदेशासाठी जिल्ह्याला जाऊन दिवसभर बाकावर बसायचे. मला खरेच परत यायचे आहे. आई तिथे एकटी आहे. पण त्या बाकावर पुन्हा बसायची तयारी नाही.

पांढरा_ड्रेस

राइनकाठ, शेवटचे वाक्य वाचून गप्प झाले. आईची काळजी घ्या. काही लागले तर इथे निरोप टाका, लातूरला माझ्या मैत्रिणी आहेत.

गटप्रवर्तक_बीड

टिकण्याबद्दल बोलताय तर आशांचे, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांचे, उदाहरण घ्या. माझ्या हाताखाली वीसेक आशा आहेत. जवळपास सगळ्या पहिल्यापासून आहेत. त्या गावच्या सुना, गाव सोडून जाणार कुठे? डॉक्टर बदलतात, सिस्टर बदलतात, आशा तीच राहते. कोणाच्या घरात टीबीचा रुग्ण आहे, कोणाची मुलगी ऊसतोडीला जाणार म्हणून तिचे लसीकरण आधी उरकायचे, हे तिच्या वहीत नाही, डोक्यात असते.

आणि या टिकण्याची किंमत काय? बाळंतपणानंतर बाळाला बघायला बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी जायचे, सगळ्या भेटी पुऱ्या केल्या तर २५० रुपये. त्यांना कामावर आधारित मोबदला मिळतो, पगार नाही. २०२३ च्या शेवटी आणि पुन्हा २०२४ च्या सुरुवातीला आशा संपावर गेल्या, आझाद मैदानात दिवसचे दिवस बसल्या, तेव्हा मार्च २०२४ मध्ये राज्याने महिन्याला ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला होता. त्या दिवशी माझ्या आशांना फोनवर अभिनंदन आले, आणि त्याच महिन्याचा मोबदला थकलेला होता.

स्थानिक माणूस टिकतो हे खरे. तो कुठे जाणार नाही हे माहीत असल्यामुळे त्याला काही द्यायची गरज नाही असे सरकारने ठरवले आहे. हे जास्त लागते.

रानवाट

गटप्रवर्तक ताई, तुमच्या मुद्द्याला धरूनच लिहितो. मी गडचिरोलीत आरोग्याच्या एका संस्थेत काम केले आहे. या जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत उभी केली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले, आणि बाळांचे मृत्यू किती उतरले ते जगाने पाहिले. आशांच्या त्या सहा भेटी याच कामातून राष्ट्रीय कार्यक्रमात आल्या. गावातली बाई हे करू शकते, हा वाद आपल्याच राज्यात मिटलेला आहे.

मग पदांवर स्थानिक का नाहीत? राज्यपालांच्या २०१४ च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली काही पदे, आरोग्यसेविका आणि आरोग्यसेवक धरून, स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांतून भरायची ठरली. एप्रिल २०२० मध्ये आंध्रातल्या शिक्षकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित क्षेत्रातले शंभर टक्के आरक्षण रद्द केले, आणि त्यावरून आपल्याकडच्या पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या) भरतीचे प्रकरणही न्यायालयात अडकले. २०२३ च्या भरतीत परीक्षा देऊन बसलेल्या मुलांना नेमणूक मिळेना. त्यांनी नाशिकला, मुंबईला आंदोलने केली आणि २०२४ मध्ये त्यांना मानधनावर तात्पुरते घेतले. न्यायालयात समतेचा प्रश्न आहे हे मी समजू शकतो. पण भामरागडच्या उपकेंद्रात तिथली माडिया भाषा बोलणारी सिस्टर असणे हा मला रुग्णाचा हक्क वाटतो. नोकरीचे आरक्षण एवढ्यापुरते ते बघू नये.

कोकणकडा

बाहेरचे दाखले द्यायचे तर छत्तीसगडने २००९ च्या सुमारास ग्रामीण वैद्यकीय दल काढले. केंद्रांची साधे, अवघड, अतिअवघड अशी वर्गवारी केली आणि जितकी जागा अवघड तितका जादा पैसा आणि सवलती ठेवल्या. तमिळनाडूत सेवेतल्या डॉक्टरांना पीजीच्या जागा राखून ठेवण्याची जुनी पद्धत आहे, खेड्यात काढलेली वर्षे पुढे कामी येतात हे तिथल्या मुलाला आधीच माहीत असते. सेवांतर्गत कोटा आपल्याकडेही आहे, पण त्याची दरवर्षी खात्री वाटत नाही.

सातपुडा_एमओ

कोकणकडा, खात्री हाच माझा मुद्दा आहे. माझ्याबरोबरचा एक एमओ भामरागडला जायला तयार होता. तीन वर्षांनी नक्की बदली आणि पीजीच्या प्रवेशात वेटेज (जादा गुण), एवढे त्याला लेखी हवे होते. तोंडी सगळे हो म्हणाले, कागद कोणी दिला नाही. पूर्वी गेलेले काही जण तिथेच अडकून पडले होते, कारण त्यांच्या जागी यायला कोणी नव्हते आणि 'पर्यायी व्यवस्था होईपर्यंत कार्यमुक्त करू नये' असा शेरा. ते पाहून तो गेला नाही. जो जातो त्याला सोडायचे नाही ही पद्धत जोवर आहे तोवर पुढचा येणार नाही.

आणि माणदेशी, क्वार्टरचे काम रुग्ण कल्याण समितीत मांडता येते. समितीकडे थोडा निधी असतो. नळ, कडी, छतावरचा पत्रा एवढे त्यातून होऊ शकते. २०२२ नंतर बऱ्याच जिल्हा परिषदांवर प्रशासक होते, त्यामुळे समितीत विचारणारा निवडून आलेला सदस्यच नव्हता. आता गावातून रेटा लावा.

माणदेशी

विचारतो. काल मुद्दाम जाऊन क्वार्टर बघितले. सिस्टरच्या खोलीत शेळ्या बांधलेल्या होत्या आणि मागची खिडकी नाही. हे आम्हा गावकऱ्यांना दिसायला हवे होते. ग्रामसभेत ठराव घेतो. डॉक्टर संध्याकाळी नसतो ही तक्रार मात्र सोडणार नाही.

धडगावकरीण

मी बारावी झाले, सायन्स. मोठी बहीण म्हणते एएनएम कर, लवकर होते आणि आपल्याच भागात उपकेंद्रात लागशील. मला इथेच काम करायचे आहे. हा धागा वाचून घाबरले. नर्सिंगला जावे का नको?

पांढरा_ड्रेस

जा बाळा. घाबरू नकोस. पण एएनएमवर थांबू नकोस. ते दोन वर्षांत होते खरे, पुढे स्टाफ नर्सच्या जागेला मात्र जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंग लागते. जीएनएम तीन वर्षे, बीएस्सी चार. तुझे सायन्स आहे तर नर्सिंगची सीईटी दे आणि आधी सरकारी बीएस्सी कॉलेजचा प्रयत्न कर. नाही जमले तर जीएनएम. खासगी कॉलेजचा विचार केलास तर परिचर्या परिषदेची मान्यता चालू वर्षाची आहे का ते बघ, आणि मुलींना प्रॅक्टिकलला कोणत्या रुग्णालयात नेतात ते तिथल्या मुलींनाच विचार. खाटाच नसलेल्या दवाखान्यात शिकून हात तयार होत नाहीत.

पगारबिल

आणि जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज आजच कर, प्रवेशाला आणि पुढे नोकरीलाही ते लागते. जात पडताळणी समितीकडे वेळ लागतो. वडिलांच्या, आजोबांच्या शाळेच्या नोंदी आतापासून गोळा कर. पेसा गावातला रहिवासी दाखला तहसीलमधून काढून ठेव. कागद कुठे अडला तर इथेच लिही, मी सांगेन कोणत्या टेबलाला जायचे ते.

धडगावकरीण

आजोबा शाळेत गेले नव्हते. काकांची नोंद चालेल का?

पगारबिल

वडिलांच्या बाजूच्या सख्ख्या काकांची असेल तर चालते. त्यांच्या शाळेतून निर्गम उतारा (शाळेच्या नोंदवहीतली नोंद) काढ, त्यावर जातीचा रकाना नीट वाचता येतो का बघ. आजोबांच्या नावावर जमीन असेल तर जुना सातबारा आणि गाव नमुना चौदाही (जन्म-मृत्यूची जुनी नोंद) मागून घे. वंशावळीचे शपथपत्र त्याला जोडावे लागेल.